मदत हवी आहे: पहिल्यांदाच ट्रॅव्हल नर्सिंग, एजन्सी कशी पारखायची?

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनला आयसीयू नर्स आहे. ग्रीन कार्ड आहे, टेक्सासचं मल्टीस्टेट लायसन्सही आहे. आता पहिलं ट्रॅव्हल काँट्रॅक्ट, म्हणजे एजन्सीमार्फत दुसऱ्या राज्यातल्या हॉस्पिटलात १३ आठवड्यांचं काम, घ्यायचं म्हणतेय. कॅलिफोर्नियाचे दर बघून तोंडाला पाणी सुटतं, पण ते राज्य कॉम्पॅक्टमध्ये (मल्टीस्टेट लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात) नाही, वेगळं लायसन्स काढावं लागेल. म्हणून तूर्तास ॲरिझोना किंवा कोलोरॅडो.

दोन रिक्रूटर मागे लागलेत. एकाचा आठवड्याचा आकडा घसघशीत. फोड मागितली तर तासाचा करपात्र दर अगदीच किरकोळ, बाकी सगळा राहण्या-जेवणाचा भत्ता! तो करमुक्त राहायला टॅक्स होम (कराच्या हिशेबाने आपलं कायमचं ठिकाण) हवं, म्हणजे इथलं भाडंही चालूच. ओव्हरटाइम कोणत्या दराने, यावर साहेब गप्प. वर ‘आजच सही करा, जागा जाईल’ हा धोशा. दुसरी बाई आकडा कमी सांगते, पण गॅरंटीड तास (शिफ्ट रद्द झाली तरी ठरलेल्या तासांचे पैसे) लिहून द्यायला तयार आहे. माझा कल तिच्याकडे आहे. नवऱ्याला मात्र मोठा आकडाच दिसतो.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: पेशंट कमी म्हणून हॉस्पिटलने शिफ्ट रद्द केली, तर एजन्सीने खरंच पैसे दिले का? काँट्रॅक्ट मध्येच तुटलं तर घराच्या डिपॉझिटचं काय केलंत? जॉइंट कमिशनचं (आरोग्यसेवेचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं) सर्टिफिकेट असलेल्या एजन्सीत काही फरक जाणवला का? फ्लोटिंगबद्दल (आपला विभाग सोडून दुसऱ्या वॉर्डात पाठवण्याबद्दल) काँट्रॅक्टमध्ये नेमकं काय लिहून घेऊ? एजन्सीची नावं मेसेजमध्ये कळवलीत तरी चालेल.