घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगी विभागांच्या नोंदी एकमेकांशी कशा जोडाव्यात?

प्रश्न

नमस्कार. कोकण किनाऱ्यावरील एका लहान नगरपरिषदेत मी संगणकीकरणाचे काम पाहतो. आमच्याकडे घरपट्टीची नोंद मालमत्ता क्रमांकाने, पाणीपट्टीची ग्राहक क्रमांकाने आणि बांधकाम परवानगीची सिटी सर्व्हे क्रमांकाने, म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या क्रमांकाने, होते. त्यामुळे एकाच घराची तीन दप्तरे एकाच इमारतीत असूनही त्यांचा परस्परांशी मेळ लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात छपरे उडाली, तेव्हा पंचनाम्यात राहणाऱ्याचे नाव होते आणि आमच्या नोंदवहीत त्याच्या आजोबांचे. याद्या जुळवण्यात गेलेले दिवस ताडपत्रीखाली बसलेल्या माणसांचे होते, हे मी विसरू शकत नाही. आता सर्व विभागांसाठी एकच नवी संगणक प्रणाली घेण्याचा प्रस्ताव आहे. सुरुवात तेथूनच करावी का?

उत्तर : निवृत्त कर लिपिक

माझ्या मते नाही. क्रमांक जुळलेले नसतील, तर नव्या प्रणालीतही तीच तीन दप्तरे वेगवेगळी राहतील. आधी मालमत्ता क्रमांक आधारभूत धरावा आणि घरपट्टीची बिले वाटायला जाणाऱ्या कर्मचाऱ्याकडूनच प्रत्येक घरातील पाण्याच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक व मिळकत पत्रिकेवरचा सिटी सर्व्हे क्रमांक लिहून आणावा. मात्र एका सर्व्हे क्रमांकावर भावाभावांची चार घरे असतात आणि एकाच घरात दोन नळजोडण्या असतात, म्हणून जमीन आणि इमारत यांना स्वतंत्र क्रमांक हवेत. न्यूयॉर्क शहरात जमिनीच्या तुकड्याला दहा अंकी क्रमांक आहे आणि त्यावरील प्रत्येक इमारतीला वेगळा सात अंकी क्रमांक आहे; तेथील निरनिराळे विभाग हेच क्रमांक वापरतात. आपल्या सामायिक मिळकतींना अशी विभागणी अधिकच आवश्यक आहे.

उत्तर : जन्म-मृत्यू नोंदणीचे काम केलेली कर्मचारी

मृत खातेदारांबद्दल थोडे सांगते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, त्यामुळे ती माहिती कर विभागाला दरमहा देणे सोपे वाटते. परंतु नोंद मृत्यू जेथे झाला तेथे होते, आणि आपले कितीतरी खातेदार मुंबईत वारतात. त्यांची नोंद आपल्या रजिस्टरमध्ये कधीच येत नाही. शिवाय एका वाडीत एकाच नावाची तीन माणसे असू शकतात. म्हणून नाव जुळले की खाते आपोआप बदलणे धोक्याचे आहे. तेथे केवळ ‘वारस नोंद तपासावी’ असा शेरा पडावा. वारसांची कागदपत्रे गोळा करण्यासाठी गणपतीचे दिवस सर्वांत चांगले, कारण वर्षभर कुलूप असलेली घरे तेव्हा उघडतात आणि सर्व हिस्सेदार एका छपराखाली भेटतात.

उत्तर : चिपळूणचा रहिवासी

२२ जुलै २०२१ चा पूर मी पाहिला आहे. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या अंदाजावर आखली जाते. बांधकाम परवानगी देताना या रेषा पाहिल्या जातात. पण रात्री पाणी चढू लागले, की आपत्ती व्यवस्थापन कक्षाला हवे असते ते वेगळेच: त्या रेषांच्या आत घरे किती, त्यांतील एकमजली किती, अंथरुणाला खिळलेली माणसे कोठे आणि कोणाला फोन करायचा. एवढी माहिती पावसाळ्यापूर्वी कक्षाकडे असलीच पाहिजे, आणि वीज गेली तरी हाती राहील अशी छापील प्रतही असावी. मात्र कोणाची थकबाकी किती, हे त्या कक्षाला कळण्याचे कारण नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ लक्षात घेता, कोणती माहिती कोणत्या कामासाठी दिली, हे लेखी असावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. खाडीकाठच्या एका प्रभागापासून आरंभ करावा, असा प्रस्ताव मी मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवणार आहे. एक शंका उरते : दोन विभागांच्या नोंदी वेगळ्या निघाल्या, तर दुरुस्ती कोणी करावी?

उत्तर : निवृत्त कर लिपिक

प्रत्येक रकान्याचा एकच धनी असावा. करदात्याचे नाव कर विभागाने, नळाचा व्यास पाणीपुरवठा विभागाने आणि मंजूर मजले बांधकाम विभागाने बदलावेत; इतरांनी चूक दिसताच कळवावे, स्वतः खोडू नये. कळवलेल्या चुकीचे उत्तर किती दिवसांत द्यायचे, हेही मुख्याधिकाऱ्यांच्या त्याच आदेशात लिहून घ्या.