तिकीट प्रणालीतील अतिव्यापक शोधांना आळा कसा घालावा?

प्रश्न

नमस्कार. आमच्या मदतकक्षाची तिकीट प्रणाली रिक्वेस्ट ट्रॅकरवर चालते आणि तिच्यामागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. गेल्या 12 वर्षांची तिकिटे तीत साठली आहेत. एखादा सहकारी रांग किंवा तारीख न निवडता पत्रव्यवहाराच्या मजकुरात केवळ ‘प्रिंटर’ हा शब्द शोधतो, उत्तर लवकर येत नाही म्हणून तेच पान पुन्हा उघडतो, आणि मग तोच शोध तीन-चार वेळा एकदम चालू राहतो. तेवढ्या वेळात इतरांना साधे तिकीट उघडण्यासाठीही ताटकळावे लागते. शोधाची सोय काढून घेण्याची माझी इच्छा नाही, कारण जुन्या तिकिटांतली उत्तरे हीच मदतकक्षाची खरी पुंजी आहे. स्टेटमेंट टाइमआउट (ठरावीक वेळेत न संपलेला शोध डेटाबेसने आपोआप रद्द करण्याची मर्यादा) लावावा असे मनात आहे, परंतु रात्रीचे अहवाल आणि बॅकअप त्यात मधेच तुटतील अशी भीती वाटते.

उत्तर 1

टाइमआउट अवश्य लावा, मात्र संपूर्ण सर्व्हरला लावू नका. पोस्टग्रेसमध्ये ही मर्यादा प्रत्येक रोलसाठी (डेटाबेसमधील वापरकर्ता-खात्यासाठी) वेगळी ठरवता येते. वेब ॲप्लिकेशन ज्या रोलने जोडले जाते त्याला 20 सेकंद द्या आणि अहवालांसाठी स्वतंत्र रोल करून त्याला सैल मर्यादा द्या. बदल नव्या जोडण्यांनाच लागू होतो, म्हणून वेब सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागेल. बॅकअपची चिंता नको. पीजी डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारा प्रोग्राम) आपल्या सत्रापुरती ही मर्यादा स्वतःच काढून टाकतो.

तुम्ही सांगितलेली तीन-चार शोधांची गर्दी का होते, हेही सहकाऱ्यांना समजावून सांगा. पान बंद केले तरी डेटाबेसला ते कळत नाही, कारण त्याची जोडणी वेब सर्व्हरशी असते, ब्राउझरशी नव्हे.

उत्तर 2

टाइमआउटने इतरांची सुटका होईल, पण शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. मूळ दुखणे असे की शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह (म्हणजे ‘इथे कोणताही मजकूर चालेल’) लावून ‘लाइक’ने शोध घेतला, की नेहमीचा बी-ट्री इंडेक्स (क्रमाने लावलेली सूची) निरुपयोगी ठरतो आणि डेटाबेसला पत्रव्यवहाराची ओळन् ओळ वाचावी लागते. याच कारणासाठी रिक्वेस्ट ट्रॅकरमध्ये मजकुराचा शोध मुळात बंद ठेवलेला असतो. तुमच्याकडे तो कोणीतरी इंडेक्स न बांधताच चालू केलेला दिसतो. प्रणालीसोबत येणाऱ्या साधनाने फुल टेक्स्ट इंडेक्स (मजकुरातील शब्दांची सूची) तयार करा आणि नवी पत्रे त्यात येत राहावीत म्हणून इंडेक्सर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) ठरावीक वेळाने चालवा.

तिकिटे मराठीत येत असतील, तर एक अडचण आधीच ध्यानात घ्यावी. असा इंडेक्स अक्षरसमूहांचा नव्हे, तर संपूर्ण शब्दांचा असतो. इंग्रजी शब्दांचे प्रत्यय पोस्टग्रेस ओळखतो, 14 व्या आवृत्तीपासून हिंदीचीही सोय आहे, परंतु मराठीची नाही. त्यामुळे ‘प्रिंटर’ शोधल्यास ‘प्रिंटरची’ किंवा ‘प्रिंटरमध्ये’ असलेली तिकिटे सुटतात, आणि लोक इंडेक्सवरच अविश्वास दाखवू लागतात. शब्दाच्या आरंभावरून शोधण्याची सोय टीएस-क्वेरीत (पोस्टग्रेसच्या मजकूर-शोधाच्या लेखनपद्धतीत) आहे; ‘प्रिंटर’सारख्या शब्दांना ती पुरते, पण ‘शाळा’चे ‘शाळेत’ होते तिथे तीही अपुरी पडते.

उत्तर 3

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. शोधाच्या अर्जात मागील सहा महिन्यांची तारीख आधीच भरून ठेवा. ज्याला जुने हवे आहे तो ती बदलेल, पण घाईतला माणूस बदलत नाही. अहवाल रेप्लिकावर (मुख्य डेटाबेसच्या सतत अद्ययावत होणाऱ्या प्रतीवर) नेणार असाल, तर मुख्य सर्व्हरवरील बदल आणि रेप्लिकावरील शोध यांचा संघर्ष झाल्यास पोस्टग्रेस मूळ मांडणीत सुमारे 30 सेकंद वाट पाहून तो शोध रद्द करतो, याची तजवीज आधी करावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मजकुराचा शोध इंडेक्सविना चालू असल्याचे आता तपासून पाहिले. आज वेबच्या रोलला मर्यादा लावतो आणि शनिवारी रात्री इंडेक्स बांधायला घेतो. आमची बरीच तिकिटे मराठीतच असतात, म्हणून प्रत्ययांचा प्रश्न सहकाऱ्यांसमोर आधीच मांडणार आहे.