'जीन थेरपी येतेय, थांबा' असं त्या आईबापांना सांगू नका

वारजेची_मावशी: सोसायटीच्या ग्रुपवर काल एका आजारी बाळाच्या आईसाठी पोस्ट फिरत होती: 'स्किडच्या बाळांसाठी जीन थेरपी आली आहे, अर्धवट जुळणाऱ्या बोन मॅरोचा धोका पत्करू नका, थोडं थांबा.' वाचून डोकंच फिरलं. स्किड म्हणजे जन्मापासूनच रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसणं. थांबायला त्या बाळाकडे वेळ असतो कुठे? 2014 साली आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लांट झालेली 94 टक्के बाळं पाच वर्षांनी जिवंत होती. त्याहून मोठी, अंगात इन्फेक्शन चालू असलेली निम्मीच वाचली. माझ्या भाच्याला डाव्या दंडावर बीसीजी दिली, पुढे त्याच काखेत गाठ आली, पू वाहायला लागला. तोंडातला पांढरा थर काही केल्या जाईना. लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असल्याचं सीबीसीच्या, म्हणजे साध्या रक्ततपासणीच्या, पहिल्याच रिपोर्टात छापलं होतं, पण त्या ओळीकडे कुणी बघितलंच नाही. शेवटी बापाच्या अर्ध्या जुळणीवर पोर वाचलं.

औंधकर_बायोटेक: तुमचा राग कळतो, पण म्हणून जीन थेरपीला मोडीत काढू नका. 2021 मध्ये एडीए-स्किडच्या (एडीए नावाचं एन्झाइम नसल्याने होणाऱ्या स्किडच्या) 50 मुलांवरच्या जीन थेरपीचे निकाल आले. पन्नासही जिवंत, 48 जणांत उपचार लागू पडला. दोष दुरुस्त केलेल्या पेशी मुलाच्याच असतात, त्यामुळे जीव्हीएचडी नाही, म्हणजे दात्याच्या पेशी मुलाच्या शरीरावर हल्ला करण्याचा धोका नाही. अर्ध्या जुळणीत ती टांगती तलवार असतेच.

वारजेची_मावशी: मोडीत कोण काढतंय? मिळणार कुठे, ते सांगा. एडीए-स्किडच्या जीन थेरपीला, स्ट्रिमव्हेलिसला, युरोपात 2016 मध्ये मंजुरी मिळाली. तेव्हाची किंमत 5,94,000 युरो, आणि जायचं मिलानला! ऑक्सिजनवरचं बाळ घेऊन?

सदाशिवपेठी: पॅरिस-लंडनच्या जीन थेरपीच्या जुन्या प्रयोगांत 20 पैकी किमान 5 मुलांना ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झाला, एक दगावलं, हेही लिहा. आणि खरं मूळ वेगळंच आहे. मामाच्या मुलीशी लग्नं लावायची आणि मग जनुकांना दोष द्यायचा!

वारजेची_मावशी: अहो, माझ्या बहिणीचं लग्न नात्यात झालेलंच नाही! भाच्याचा दोष एक्स गुणसूत्रावरचा आहे. असा दोष कधी आईकडून येतो, कधी नव्यानेच उद्भवतो. 'तुझ्या माहेरची खोट' हे ऐकून ती आयसीयूबाहेर रडत बसायची. तुमच्यासारख्यांमुळेच आयांना हे ऐकावं लागतं.

सदाशिवपेठी: मी आईला दोष दिलेला नाही. एडीएचा दोष मात्र दोघांकडूनही यावा लागतो, आणि नात्यात लग्न झालं की ती शक्यता वाढते. हे खोटं आहे का?

कराडची_सून: खोटं नाही. माझं लग्न आत्याच्या मुलाशीच झालंय, मी सांगते. एडीएमध्ये आईबाप दोघंही वाहक असले तर दर खेपेला 25 टक्के धोका. पण आमच्याकडे तपासणी फक्त माझी करायला निघाले होते. मीच अडून बसले, तेव्हा नवऱ्याने रक्त दिलं.

सदाशिवपेठी: बरं, तपासणी दोघांची व्हायला हवी, एवढं मान्य. लग्नांबद्दलचं मत बदलत नाही.

औंधकर_बायोटेक: ही लग्नं राहू द्या हो. ताई, आज बाळ आजारी असेल तर थांबू नये, हे मला मान्य आहे. ती पोस्ट चूकच आहे. पण वेल्लोरला हिमोफिलियाची जीन थेरपी झाली, तशी स्किडचीही इथेच व्हावी, हा हट्ट मी सोडणार नाही.

वारजेची_मावशी: हट्ट जरूर धरा. त्याआधी जन्मल्यावर ट्रेक चाचणी (रक्ताच्या थेंबावरून स्किड ओळखणारी) सुरू करा म्हणून भांडा. 2018 संपेपर्यंत अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात ती सुरू झाली होती. आणि ग्रुपवरच्या त्या आईला कुणीतरी आज रात्रीच कळवा: केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात स्किड पहिल्या गटात आहे, 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, मुंबईचं केईएम हॉस्पिटल त्या धोरणातल्या उपचार केंद्रांच्या यादीत आहे. रक्त चढवायची वेळ आली तर ते इरॅडिएट केलेलंच (किरणांची प्रक्रिया केलेलं) मागा म्हणावं.