नवीन कॉम्प्युटरवर व्हूडू दिसतच नाही (क्लासिक एरा). एका हाताने हीलिंग करतो, मदत हवी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय. अर्धवट सांगितलं की पहिल्या दहा उत्तरांत नुसते उलट प्रश्नच येतात, हा आधीचा अनुभव आहे.

मी साताऱ्याचा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमची क्लासिक एरा, म्हणजे जुन्या रूपातली आवृत्ती, खेळतो, युरोपच्या सर्व्हरवर. माझं पात्र प्रीस्ट आहे, लेव्हल ३६, म्हणजे काम हीलरचं, साथीदारांना बरं करायचं. २०१६ मध्ये कारखान्यात पॉवर प्रेसवर डाव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी आहे, पण त्यांच्यावर कीबोर्ड चालत नाही. चालणं मी माऊसवरच करतो, दोन्ही बटणं एकत्र दाबली की पात्र पुढे जातं. हीलिंग मात्र व्हूडूशिवाय शक्य नाही. व्हूडू म्हणजे एक अ‍ॅडऑन, गेमला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, ते ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या आयुष्याची पट्टी दाखवतं. ज्याला बरं करायचं त्याच्या पट्टीवर माऊस न्यायचा आणि बटण दाबायचं. प्रत्येक बटणाला एक स्पेल (मंत्र): डावं बटण फ्लॅश हील, उजवं रिन्यू, मधलं चाक शील्ड, अंगठ्याजवळची दोन म्हणजे हील आणि डिस्पेल मॅजिक. आधी टार्गेट निवडा मग आकडा दाबा, ही भानगडच नाही. ही पाच बटणं बसवायला मला दोन महिने लागले होते. पट्ट्यांची रुंदी, रंग, किती टक्क्यांवर लाल व्हायचं, सगळं स्वतः ठरवलेलं.

गेल्या आठवड्यात जुना लॅपटॉप बंद पडला. हार्ड डिस्क शाबूत आहे, केबलने जोडली की वाचता येते. नवीन डेस्कटॉपवर गेम टाकला, व्हूडूची झिप उतरवली, राइट क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ केलं, आलेलं फोल्डर अ‍ॅडऑन्समध्ये ठेवलं. काहीच नाही. पात्र निवडायच्या स्क्रीनवर खाली डावीकडे अ‍ॅडऑन्सचं बटण असायचं, तेच गायब आहे. तीनदा उतरवून पाहिलं. गेम दुरुस्त करायचा पर्यायही चालवून पाहिला.

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. स्कार्लेट मोनॅस्टरी या डंजनचं (ग्रुपने मिळून लढायची जागा) कॅथेड्रल येत्या बुधवारी ठरलंय आणि त्यांच्याकडे दुसरा हीलर नाही. मी नाही म्हणालो तर चौघांची रात्र वाया जाईल. कुणी सांगेल का काय चुकतंय?

ठाणे_लोकल

कृष्णाकाठ दादा, अ‍ॅडऑन्सचं बटणच दिसत नाही ही खूण फार कामाची आहे. गेमला एकही अ‍ॅडऑन सापडलं नाही की ते बटण येत नाही. म्हणजे व्हूडू बिघडलेलं नाही, गेम तिथपर्यंत पोचतच नाहीये. मी स्वतःच्या गिल्डसाठी (खेळाडूंच्या गटासाठी) छोटी अ‍ॅडऑन्स लिहिते, त्यामुळे ही चूक आठवड्यातून एकदा तरी बघते. बहुतेक वेळा कारण या दोनपैकी एक असतं.

पहिलं कारण चुकीचं घर. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या फोल्डरमध्ये प्रत्येक आवृत्तीचं वेगळं फोल्डर असतं. आजच्या चालू आवृत्तीचं ‘_रिटेल_’, तुमचं ‘_क्लासिक_एरा_’. प्रत्येकात आपापलं इंटरफेस आणि त्याच्या आत आपापलं अ‍ॅडऑन्स. रिटेलमध्ये ठेवलेलं क्लासिकला दिसत नाही. हाताने शोधत बसू नका. बॅटल डॉट नेटच्या लाँचरमध्ये क्लासिक एरा निवडा, प्लेच्या बाजूच्या दातेरी चाकावर क्लिक करून ‘शो इन एक्सप्लोरर’ घ्या आणि उघडेल तिथून पुढे जा.

दुसरं कारण डबीत डबी. ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ झिपच्या नावाचं एक फोल्डर तयार करतं आणि खरं फोल्डर त्याच्या पोटात ठेवतं. गेम अ‍ॅडऑन्सच्या आत फक्त एकच पायरी उतरतो. तिथे जे फोल्डर असेल, त्यात अगदी त्याच नावाची टीओसी फाइल (अ‍ॅडऑनची ओळख सांगणारी) आहे का, एवढंच पाहतो. फोल्डरचं नाव व्हूडू असेल तर आत व्हूडू डॉट टीओसी हवी. बाहेरच्या फोल्डरला ‘व्हूडू आणि आवृत्तीचा आकडा’ असं नाव असेल तर गेम त्याकडे ढुंकूनही बघत नाही. गिटहबवरून उतरवलं तर नावामागे ‘-मेन’ किंवा ‘-मास्टर’ लागतं, तेही काढावं लागतं. काही अ‍ॅडऑनमध्ये त्याच नावापुढे ‘_व्हॅनिला’ किंवा ‘_मेनलाइन’ लावलेल्या टीओसीही दिसतील. त्या तशाच राहू द्या, कोणत्या आवृत्तीत कुठली वाचायची ते गेमला कळतं.

आणि व्हूडू एका फोल्डरचं नाही. शेजारी व्हूडूऑप्शन्सही हवं, नाहीतर पट्ट्या दिसतील पण सेटिंगचं पान उघडणार नाही. बदल करताना गेम पूर्ण बंद ठेवा.

आयंडहोवनकर

दादा, ताईंनी सांगितलंय तेच असणार. फक्त एक, टीओसीच्या सुरुवातीलाच ‘इंटरफेस’ लिहून एक आकडा असतो. १.१५.७ पॅच (गेमचं अपडेट) असेल तर ११५०७, रिटेलचा ११.०.२ असेल तर ११०००२. तो आकडा जुना असला की यादीत नाव लाल दिसतं. तेव्हा यादीच्या वरच्या ‘लोड आउट ऑफ डेट अ‍ॅडऑन्स’ या चौकोनात खूण करा. आकडा जुना म्हणजे अ‍ॅडऑन मोडलंच असं नाही, पुष्कळदा लेखकाला तेवढा आकडा बदलायला वेळ मिळालेला नसतो.

मी पण युरोप सर्व्हरवरच आहे. इकडे मेंटेनन्स आणि पॅच बुधवारी असतात. बुधवारीच डंजन ठरवलं असेल तर संध्याकाळी एकदा लॉगिन करून पाहून ठेवा. ऐन वेळी लाल यादी बघायची वेळ येऊ नये.

कृष्णाकाठ

ठाण्याच्या ताई, दोन्ही चुका केल्या होत्या! झिप रिटेलमध्ये टाकली होती, आणि तीही डबीत डबी. आता बटण आलं, यादीत दोन्ही नावं दिसतात, लाल नाहीत.

पण आता जे झालंय त्याने झोप उडालीय. व्हूडू उघडलं ते कोरं. जुन्या डिस्कवर डब्ल्यूटीएफ या सेटिंगच्या फोल्डरमध्ये सेव्हडव्हेरिएबल्स नावाचं फोल्डर सापडलं, त्यात व्हूडू डॉट लुआ ही व्हूडूच्या सेटिंगची फाइल होती. नवीनमध्ये गेम चालू असतानाच ती फाइल टाकली आणि चॅटमध्ये स्लॅश रिलोड (सगळं परत लोड करायची आज्ञा) दिलं. तरी कोरंच. मग ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आतला मजकूरच बदललेला! माझी सेटिंग गेली का? जुन्या डिस्कवरच्या मूळ फाइलला हात लावलेला नाही, तिथून कॉपी केली होती.

ठाणे_लोकल

मूळ फाइल शाबूत आहे म्हणजे काहीही गेलेलं नाही. आता पुढचं काही करायच्या आधी जुन्या डिस्कवरचं अख्खं डब्ल्यूटीएफ फोल्डर दुसऱ्या जागी, पेन ड्राइव्हवर का होईना, उतरवून ठेवा. मग खालचं वाचा.

गेम चालू असतो तेव्हा सेटिंग मेमरीत असतात, फाइलमध्ये नाही. फाइल वाचली जाते ती लोड होताना आणि लिहिली जाते ती लॉगआउटच्या किंवा रिलोडच्या वेळी. रिलोडचा क्रम आधी लिहिणं आणि मग वाचणं असा आहे. म्हणजे तुम्ही तुमची फाइल ठेवलीत, रिलोड दिलंत, गेमने मेमरीतली कोरी सेटिंग तुमच्या फाइलवर लिहिली आणि तीच परत वाचली. गेम पूर्ण बंद करून फाइल ठेवली असती तर नीट उचलली असती. गेम मध्येच क्रॅश झाला की त्या बैठकीतले बदल का राहत नाहीत, त्याचंही कारण हेच. लिहायची वेळच आलेली नसते. म्हणून पट्ट्यांमध्ये मोठा बदल केलात की लगेच एक रिलोड द्यायची सवय लावा.

दुसरं म्हणजे सेव्हडव्हेरिएबल्स नावाचं फोल्डर दोन ठिकाणी असतं. एक अकाउंटच्या आत थेट, सगळ्या पात्रांना सामायिक. दुसरं अजून खाली, अकाउंट, त्यात सर्व्हरचं नाव, त्यात पात्राचं नाव, त्याच्या आत. टीओसी नोटपॅडमध्ये उघडलीत तर ‘सेव्हडव्हेरिएबल्स’ आणि ‘सेव्हडव्हेरिएबल्स पर कॅरेक्टर’ अशा दोन ओळी दिसतील. व्हूडू दोन्हीकडे लिहितं. कुठल्या बटणाला कुठलं स्पेल हा भाग पात्राच्या फोल्डरमध्ये असतो. तुम्ही फक्त वरची फाइल आणली असणार, म्हणजे वेळ बरोबर असती तरी बटणं आली नसती.

गेम बंद करा, दोन्ही व्हूडू डॉट लुआ आपापल्या जागी ठेवा, मग गेम सुरू करा. विंडोजमध्ये फाइलचं पूर्ण नाव दिसेल अशी सेटिंग आधी करून घ्या. नाहीतर नोटपॅडमधून सेव्ह करताना ‘डॉट लुआ डॉट टीएक्सटी’ होतं आणि डोळ्याला दिसत नाही.

कृष्णाकाठ

ताई, आलं. सगळं आलं. पट्टीचा तोच फिका निळा रंग, तीच जागा. चाकावर शील्ड. एकटाच होतो तरी स्वतःवर चारदा रिन्यू टाकलं.

अजून एक त्रास आहे. काल रात्री ग्रुपने सरावाला त्याच मोनॅस्टरीची लायब्ररी केली. तिकडचे आठ म्हणजे आपले साडेअकरा. मारामारी सुरू असताना आमचा मेज (जादूगार) डिस्कनेक्ट झाला, ग्रुपमधून निघाला आणि परत आला. त्याची पट्टी लढाई संपेपर्यंत आलीच नाही. त्यात स्क्रीनवर ‘इंटरफेस अ‍ॅक्शन फेल्ड बिकॉज ऑफ अ‍ॅन अ‍ॅडऑन’ असं दोनदा आलं. तो वाचला, पण माझ्या नजरेसमोर त्याचं आयुष्य कमी होत होतं आणि माझ्याकडे दाबायला काही नव्हतं. कॅथेड्रलमध्ये व्हाइटमेन ही शेवटची शत्रू सगळ्यांना झोपवते आणि मेलेल्या मोग्रेनला, तिच्या साथीदाराला, उठवते. जाग आल्यावर पहिल्या दोन सेकंदांत पट्ट्या नसतील तर काय करू?

ठाणे_लोकल

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पट्टी न येणं हा नियम आहे. लढाई चालू असताना अ‍ॅडऑनचा कोड स्पेल टाकणारी बटणं नव्याने तयार करू शकत नाही, हलवू शकत नाही, दुसऱ्या माणसाला जोडू शकत नाही. व्हूडूची प्रत्येक पट्टी असंच सुरक्षित बटण आहे, म्हणून ते लढाई संपायची वाट पाहतं. हा नियम डिसेंबर २००६ च्या २.० पॅचपासून आहे. त्याआधी डिकर्सिव्हसारखी अ‍ॅडऑन्स होती. एकच बटण दाबत राहायचं, शाप कुणाला लागलाय आणि कुठलं स्पेल टाकायचं हे अ‍ॅडऑनच ठरवायचं. मोल्टन कोअर या मोठ्या डंजनमध्ये चाळीस जणांत हीलरकडे डोकं लावायचं कामच उरत नव्हतं. ते बंद केलं, पण पट्टीवर क्लिक करून स्पेल टाकणं चालू ठेवलं, कारण तिथे निवड खेळणाऱ्याची असते. एका दाबाला एक कृती. दादा, तुम्ही जे करता ते त्या रेषेच्या पूर्णपणे आतलं आहे. कुणी ‘अ‍ॅडऑन तुझ्यासाठी खेळतं’ म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

अशा वेळी गेमची स्वतःची ग्रुपची चौकट डावीकडे चालू ठेवा. व्हूडू ती लपवतं, ते सेटिंग बंद करा. मेज परत आला तर त्या चौकटीत त्याच्या नावावर क्लिक करा आणि स्क्रीनवरच्या बारमधल्या फ्लॅश हीलवर क्लिक करा. दोन क्लिक लागतील, पण हात तोच.

तो ‘अ‍ॅक्शन फेल्ड’चा निरोप मात्र चांगला नाही. कुठलं तरी अ‍ॅडऑन सुरक्षित भागाला हात लावतंय. जुन्या डिस्कवरून अजून काय काय आणलंत?

आयंडहोवनकर

बगग्रॅबर आणि बगसॅक दोन्ही टाका. एरर झाली की दोषी अ‍ॅडऑनचं नाव आणि ओळ नोंदून ठेवतं. नाहीतर जुनी पद्धत: अर्धी अ‍ॅडऑन्स बंद करा. त्रास गेला तर दोषी बंद केलेल्यांत आहे, नाही गेला तर चालू असलेल्यांत. त्या अर्ध्यांचे परत अर्धे. सोळा असली तरी चार फेऱ्यांत एकावर येता. माझ्याकडे ३१ होती, पाच फेऱ्या लागल्या.

कृष्णाकाठ

जुन्या डिस्कवरून अकरा आणली होती. बगसॅकने पहिल्याच मारामारीत नाव दाखवलं: पिशव्या एकत्र दाखवणारं एक जुनं अ‍ॅडऑन, २०१९ मध्ये क्लासिक सुरू झालं तेव्हा टाकलेलं आणि त्यानंतर कधी अपडेट न केलेलं. लेखकाचा दोष नाही, मीच पाच वर्षं तसंच वापरत राहिलो. काढून टाकलं. नंतर तीन तास खेळलो, निरोप एकदाही आला नाही. ग्रुपची चौकटही चालू केलीय आणि फ्लॅश हील बारमध्ये व्हूडूच्या अगदी खाली आणून ठेवलंय, म्हणजे माऊसला लांब जावं लागत नाही.

इंटरफेस आणि डब्ल्यूटीएफ दोन्ही फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलीत. तारीख टाकून.

आयंडहोवनकर

मंगळवारी रात्री परत एकदा घ्या. बुधवारी मेंटेनन्स आहे.

कृष्णाकाठ

कॅथेड्रल झालं. साडेअकराला सुरू केलं, पावणेएकला बाहेर. व्हाइटमेनच्या झोपेतून उठलो तेव्हा टँकची (सगळा मार झेलणाऱ्याची) पट्टी लाल होती, चाक दाबलं, शील्ड बसलं, मग फ्लॅश हील दोनदा. मेज एकदाही डिस्कनेक्ट झाला नाही. ग्रुपमधल्या पोलंडच्या एका मुलाला काल हाताबद्दल पहिल्यांदा सांगितलं, कारण एवढे दिवस मी चॅटमध्ये हळू का लिहितो हे त्याने विचारलं. त्याच्या आईला एका बाजूला पॅरालिसिस आहे आणि तिला हा गेम बघायला आवडतो. त्याला व्हूडूची माझी फाइल पाठवतोय. ताई, पात्राच्या फोल्डरमधलीच पाठवायची ना, आणि त्याने ती आईच्या पात्राच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची?

ठाणे_लोकल

हो. आधी आईच्या पात्राने एकदा लॉगिन करून बाहेर पडायला सांगा, म्हणजे ते फोल्डर आपोआप तयार होईल. मग गेम बंद करून फाइल ठेवायची. त्या पण प्रीस्टच असल्या तर बटणं जशीच्या तशी येतील. ड्रुइड असल्या तर पट्ट्या येतील, पण स्पेलची नावं हाताने बदलावी लागतील. तेव्हा इथे लिहा, मी यादी करून देते.