एफपीजीए बोर्ड तोच, मग विद्यार्थ्याला स्वस्त आणि मला महाग का?

लॉजिकगेट: "हौसेला सवलत कशाला? परवडत नसेल तर घेऊ नका," हे काल इथे वाचलं आणि डोकं फिरलं. टेरासिक कंपनीचा डीई१०-लाइट हा एफपीजीए बोर्ड (आतलं सर्किट हवं तसं पुन्हा रचता येणारी चिप बसवलेला सरावाचा बोर्ड) आला तेव्हा ८५ डॉलर, शैक्षणिक भाव ५५. चिप तीच मॅक्स १०, ती चालवायचं सॉफ्टवेअर क्वार्टस लाइट सगळ्यांनाच फुकट. माझ्याकडे फक्त कॉलेजचा ईमेल नाही. नोकरी सांभाळून रात्री व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) शिकणारा विद्यार्थी नाही का? वर कुरियर, कस्टम, जीएसटी आहेच.

प्रॅक्टिकलवाले सर: ते मीच लिहिलं, आणि मागे घेणार नाही. कॉलेज एकगठ्ठा बोर्ड घेतं. दरवर्षी नवी बॅच त्याच टूलवर तयार होते आणि पुढे नोकरीत तीच चिप मागते. कंपनीने ३० डॉलर सोडले ते यासाठी. तुम्ही घेणार एक बोर्ड.

तांब्याची तार: सर, पण ते बोर्ड जातात कुठे? आमच्या कॉलेजात कपाटात कुलूपबंद होते. चौघांत एक मिळायचा, हात लावायचा एकानेच. बाकीचे जर्नल उतरवून काढायचे. सवलत कपाटाला मिळाली, आम्हाला नाही.

प्रॅक्टिकलवाले सर: डेड स्टॉक रजिस्टरवर (कॉलेजच्या सामानाच्या नोंदवहीवर) सही कोणाची असते? एक बोर्ड हरवला तेव्हा पैसे माझ्या पगारातून कापले. मुलं पिना वाकवून आणतात, ऑडिटला उभा मी राहतो!

तांब्याची तार: मग डिपॉझिट घ्या आणि सेमिस्टरभर घरी न्यायला द्या. तासाभरात एफपीजीए कोणाला आलाय? मी शेवटी पदरचे पैसे घालून, पूर्ण भावाने बोर्ड घेतला तेव्हा शिकलो.

सोल्डरताई: कपाटाच्या किल्लीवरून भांडताय, मूळ प्रश्न राहिला. २०१५ मध्ये आर्टी हा दुसरा एफपीजीए बोर्ड सगळ्यांना ९९ डॉलरला आला. त्यात कॉलेजात वापरतात त्या बेसिस ३ बोर्डमधलीच चिप, आर्टिक्स-७ ३५टी. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर तर शिक्षणासाठीच काढला, २०१२ मध्ये ३५ डॉलर, घेणारा कोणीही असो. एकच भाव ठेवता येतो.

प्रॅक्टिकलवाले सर: आर्टीवर चार स्विच, आकडे दाखवणारा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले नाही. पहिल्या प्रॅक्टिकलला काउंटर दाखवू कशावर? बेसिसवर सोळा स्विच आहेत. एका भावात बोर्ड विकता येतो, एवढं मान्य. पण सरसकट मधला भाव लावलात तर बोजा माझ्या मुलांवर येईल. ते चालणार नाही.

लॉजिकगेट: त्यांची सवलत काढा असं मी म्हटलंच नाही. गठ्ठ्याचा भाव कॉलेजला मिळू दे, ठीक. पण एकेकट्या विद्यार्थ्यालाही ईमेल दाखवून सवलतीतच मिळतो, तिथे कुठला गठ्ठा? त्याचं उत्तर द्या.