जोडीने पायी नर्मदा परिक्रमा: दोघांचा वेग जुळत नसेल तर?

प्रश्न (शहादा): येत्या कार्तिकात आम्ही पती-पत्नी ओंकारेश्वराहून परिक्रमा उचलणार आहोत. सरावासाठी प्रकाशापर्यंत चाललो, तेव्हा मी सतत पुढे आणि सौ. मागे असे झाले, व परतताना दोघांत अबोला होता. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट मिळून अडीच हजारांहून अधिक चाल. एवढे दिवस हे निभावे कसे?

प्रतिसाद (धुळे): हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे, एवढेच सांगेन. आमच्या यजमानांना हे पटायला बडवानी उजाडले, तेही त्यांच्या टाचेचा फोड मोज्यात फुटून मोजा कातडीला चिकटला, आणि तो कोमट पाण्याने सोडवत मी अर्धा तास धर्मशाळेच्या पायरीवर बसले, तेव्हा! बूट एक नंबर मोठे घ्या.

प्रतिसाद (नंदुरबार): वेगापेक्षा ओझ्याचा विचार आधी करावा, कारण शूलपाणीच्या झाडीतले चढ आपल्याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांसारखे दमवणारे आहेत. पात्र मध्येच ओलांडायचे नसते, त्यामुळे एक आजारी पडला तर दुसऱ्यानेही त्याच तटावर थांबावे, हे घरूनच ठरवून निघा. (आम्ही कळण्याचे पीठ नेले होते, सदावर्तात शिधा मिळत असताना ते निव्वळ ओझे ठरले.)

प्रश्नकर्ता: सौ.ने हे वाचले. उद्यापासून त्या पुढे.