सातभाईंचा पहारा: रक्ताचं नातं की स्वतःचा जीव?

रावेरकर
आमच्या केळीच्या बांधावर बाभळीखाली सातभाई पक्ष्यांचा थवा असतो. सगळे पाचोळा उलटवून किडे टिपतात, एक जण शेंड्यावर बसतो. शिक्रा, म्हणजे शिकारी पक्षी, दिसला की तो ओरडतो, खालचे झुडपात घुसतात. वरचा तेवढा वेळ उपाशी, शिवाय शिकाऱ्याचं लक्ष त्याच्यावर. तरी हे वागणं टिकलं कसं? माझं ठाम मत: नात्यामुळे. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टनने 1964 मध्ये हिशेब मांडला. नातेवाइकाचा फायदा गुणिले नात्याचा अंश (नात्यामुळे जनुकं किती सारखी), हा आकडा स्वतःच्या नुकसानीपेक्षा मोठा असेल, तर त्याग करायला लावणारं जनुक पुढच्या पिढ्यांत वाढतं. सख्ख्या भावंडाचा अंश 1/2, चुलत भावंडाचा 1/8. सातभाईंच्या थव्यात बहुतेक एकाच गोतावळ्यातले असतात. दुसरं कारण शोधायलाच नको.

धुळेकर
भाऊ, पहारेकऱ्याचं नुकसान होतं हे तुम्ही धरूनच चाललात. आफ्रिकेच्या कलाहारी वाळवंटातल्या मीरकॅटांवर, म्हणजे बिळात कळपाने राहणाऱ्या मुंगसाच्या भाऊबंदांवर, क्लटन-ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये लिहिलं, की पोट भरलेला प्राणीच पहाऱ्याला उभा राहतो, बिळाजवळ राहतो आणि बहुधा धोका त्यालाच आधी कळतो. यात त्याग कुठे आला?

रावेरकर
मीरकॅट सोडा. पॉल शर्मनने 1977 मध्ये बेल्डिंग खारींचं काम छापलं. या अमेरिकेतल्या, बिळात राहणाऱ्या खारी. माद्या जन्मल्या जागेजवळच राहतात, नर लांब जातात. म्हणजे आजूबाजूला नातलग असतात ते माद्यांचे, आणि जमिनीवरचा शिकारी आला की जास्त ओरडतात त्याही माद्याच. ओरडणारी जास्त वेळा हेरली जाते, तरी ओरडते. हा त्याग नाही तर काय?

धुळेकर
त्याच शर्मनचं 1985 चं काम का गाळलंत? शिकारी पक्षी आला तेव्हा ओरडणारी खार न ओरडणारीपेक्षा कमी सापडली. प्राणी तोच, इशारे दोन, कारणं दोन. आणि तुमच्या बांधावर येतो तो शिक्रा, पक्षीच.

शहाद्याचा शेतकरी
मला एवढंच विचारायचंय. रक्ताची ओढ एवढी असेल तर सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात का जातात?

चाळीसगावची शिक्षिका
दादा, प्रश्न नेमका आहे. माणसांच्या वाटण्यांचं मी सांगणार नाही, तिथे कायदा, कर्ज, लग्नं सगळंच मध्ये येतं. पण प्राण्यांतही भाऊ भावाला मारतो. अंजीर-उंबराच्या कुळातल्या फळांत वाढणाऱ्या काही जातींच्या बारीक गांधीलमाश्यांचे नर एकमेकांना जबड्याने फाडतात. स्टुअर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलं, की त्या फळात भाऊ जास्त असले म्हणून मारामारी कमी होत नाही. माद्या त्याच फळात, स्पर्धाही त्याच फळात. भावाला वाचवलं तर तो दुसऱ्या भावाचीच जागा घेणार. म्हणून रावेरकर, हॅमिल्टनच्या हिशेबात तीन आकडे आहेत आणि तुम्ही एकच धरून बसलात. फायदा आणि नुकसान मोजल्याशिवाय 1/2 ला काही अर्थ नाही. पण धुळेकर, तुमचंही पटत नाही. पहारेकरी सुरक्षित निघाला म्हणून नातं बाद होत नाही. नुकसान कमी असलं की चुलत भावासाठी ओरडणंही परवडतं.

धुळेकर
हे मान्य. पण मग नात्याशिवायही परवडेल, तेवढं लिहा.

रावेरकर
मी अजून नात्याच्याच बाजूचा. पण वावरात बसून निदान दोन गोष्टी बघता येतील: शेंड्यावरचा पोट भरून चढतो की उपाशी, आणि शिक्रा आला की आधी पळतो की मागे राहतो. पावसाळ्यात सुगरण पक्षी घरटी विणतात तेव्हा नाही, आत्ता झाडं उघडी आहेत तेव्हाच बघतो.